साडेपंचावन्न

चिंचोळीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला
माझ्या ताब्यात दोन कॉलम, चार पंप, एक वही.
औषधाच्या कारखान्यानं वापरून परत पाठवलेलं
उष्टं सॉल्व्हंट, ॲसिटोन नि मिथेनॉल,
पिंपातून टाकीत, टाकीतून कॉलमच्या पोटात.

पहिल्याच आठवड्यात हत्तुरेअण्णा म्हणाले,
"हे उकळतंय छप्पन्नला, ते पासष्टला.
मग काय अवघड बे? तापव की."
तापवलं.
काटा साडेपंचावन्नवर येऊन बसला.
दोघांच्याही आधी,
दोघं मिळून.
वर गेलेल्या वाफेत जे प्रमाण, तेच खाली उरलेल्यात.
ती वाफ थंड केली, परत उकळली.
लॅबमधून कागद आला, त्यावर दोन टेकाडं,
शेजारीशेजारी, काल होती तेवढीच.
पहाटेपर्यंत बॉयलरवरचा तौसिफ
मला शिव्या घालत होता, वाफ पुरवून पुरवून.

"आचेनं व्हायचं तेवढं झालं," अण्णा म्हणाले,
आणि तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडला.
मला वाटलेलं, असेल काही महागाचं,
पिंपावर कवटी छापलेलं, मुंबईहून आलेलं.
पाणी होतं.

शेंड्याच्या जरा खालून सोडायचं,
ते ट्रेवरून ट्रेवर उतरत येतं,
खालून वाफ चढत असते,
आणि मधेच कुठंतरी, जाड लोखंडाआड, न दिसता,
मिथेनॉल पाण्याच्या ओळखीनं खाली वळतं.
ॲसिटोन एकटं वर जातं.
आवाज होत नाही.
वरचा काटा तेवढा छप्पन्नवर सरकतो.
अर्धा अंश.
अर्ध्या अंशासाठी एवढी उंच शिडी,
एप्रिलात दुपारपाळीला
जिच्या कठड्याला हात लावता येत नाही.

दुसऱ्या कॉलममध्ये मिथेनॉल उडवून लावतो,
तळाला पाणी राहतं.
ते गार करून परत पहिल्याच्या शेंड्याकडे.
महिनोन् महिने तेच पाणी.
रोज दोघांना वेगळं करतं
आणि रोज रिकाम्या हातानं वर चढतं.
थोडं कुठं गळतं, तेवढी भर घालतो,
वहीत लिहितो: मेकअप, चाळीस लिटर.

अडीचला फोन थरथरतो. आई.
"नीळ्ळोच्चिनय रा!"
पाचव्या दिवशी नळ आलाय.
विडी घरकुलात साऱ्या गल्लीचे दिवे लागले असणार,
मोटारी सुरू, पायपा ओढायची घाई,
दिवसभर हजार विड्या वळलेली तिची बोटं
आता नळीच्या तोंडाला चिंधी गुंडाळतायत.
मी इथं फ्लोमीटर बघतोय.
तासाला बाराशे लिटर.
हा आकडा मी तिला सांगितलेला नाही.

घरचं निळं पिंप मीच नेलेलं, भंगारवाल्याकडून.
ॲसिटोनचं होतं, रिकामं.
सोड्यानं घासलं, चिंचेनं घासलं,
उन्हात आठ दिवस उपडं ठेवलं, पुन्हा घासलं.
तरी झाकण उघडलं की
एक गोडसर, हलका वास.
कपड्याला ठेव, म्हटलं, प्यायला नको.
ती नाक आत घालून म्हणाली,
"तू पाळीवरून आलास की असाच येतो."

वही मिटायच्या आधी शेवटचं रीडिंग घेतो.
वर छप्पन्न. तळाला ठीक.
शुद्धता लॅबवाले सकाळी सांगतील.
अंगातला शर्ट मी तिथंच खुंटीला टांगतो,
दुसरा घालतो,
साबणानं कोपरापर्यंत हात धुतो दोनदा.
बसमध्ये शेजारचा माणूस
तरीही जरासा खिडकीकडे सरकतो.